जिथे जादू चालते, तिथला मृत्यू

मित्रहो, फँटसी कादंबरीतल्या मृत्यूबद्दल बोलताना एक अडचण सुरुवातीलाच मान्य करायला हवी. वास्तववादी कादंबरीत पात्र गेले की गेले. पण जिथे मंत्राने जखमा भरतात आणि भुते माणसांशी बोलतात, तिथे वाचक मनातल्या मनात पळवाट शोधत राहतो. म्हणून आपल्या जगातली जादू कुठे थांबते, हे लेखकाने कोणी मरण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवावे लागते. हॅरी पॉटरच्या मालिकेत मृताला उठवणारा मंत्र नाही, हे जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर चौथ्याच पुस्तकात सांगतात. हे काम शिस्तीने जमते. अवघड आहे ते मरण पात्राच्या स्वभावातून उगवू देणे, आणि मला आज त्याविषयीच बोलायचे आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो, तेव्हा वाचक हादरतो, कारण तो त्यालाच नायक समजत आलेला असतो. दुसऱ्या वाचनात हा धक्का उरत नाही; उरते ती नेडची दया. राणी सर्सीची मुले राजाची नाहीत हे कळल्यावर तो राजाकडे जाण्याआधी तिला गाठतो आणि मुलांना घेऊन वेळेत निघून जायला सांगतो. मुलांच्या जिवासाठी दिलेली ही सवड शेवटी त्याच्याच जिवावर बेतते. शोकांतिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या चुकीमुळे कोसळावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. इथे ती चूक आणि त्या माणसाचे चांगुलपण एकाच कृतीत आहे. पुढच्या अनेक लेखकांनी मार्टिन यांच्याकडून नायकाला मारण्याचे धाडस तेवढे उचलले आणि ही दया मागेच ठेवली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या बोरोमिर या योद्ध्याचे उलट आहे. जादूच्या अंगठीच्या मोहाने तो ती बाळगणाऱ्या फ्रोडोवर धावून जातो, आणि लगेच नंतर मेरी आणि पिपिन या सोबत्यांना वाचवताना बाणांनी विंधला जातो. ‘द टू टॉवर्स’मध्ये (१९५४) ती झुंज घडताना आपल्याला दिसत नाही. त्याचा साथीदार अरागॉर्न याला त्याचे शिंग ऐकू येते, तो धावतो, आणि त्याच्याबरोबर आपणही उशिराच पोहोचतो. बोरोमिर आपला अपराध कबूल करतो, पण ज्यांच्यासाठी तो लढला त्यांना शत्रूने नेलेलेच असते. ते दोघे सुटले असते, तर त्याच्या प्रायश्चित्ताचा हिशेब फारच सोयीने जुळला असता.

मात्र मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’मधला (२००७) डॉबीचा मृत्यू. ज्या घरात हा एल्फ गुलाम म्हणून राबला, त्याच घरात तो आता स्वतंत्र होऊन, स्वतःच्या इच्छेने, मित्रांना सोडवायला परत जातो. त्यांना घेऊन निघतानाच शत्रुपक्षातल्या बेलाट्रिक्सने फेकलेला सुरा त्याला लागतो. त्यानंतर हॅरी कबर खणतो. छडी फिरवली असती तर खड्डा क्षणात झाला असता, पण तो फावडे मागून घेतो, आणि हातांना फोड येईपर्यंत माती उपसत राहतो. जादूच्या जगात शोक कसा करावा, याचे याहून नेमके चित्र मी वाचलेले नाही: जिथे श्रम टाळता येतात, तिथे कोणासाठी तरी ते न टाळणे. काही वेळाने रॉन आणि डीन न बोलता खड्ड्यात उतरून खणू लागतात.

कबर तयार होते तेव्हा रॉन आपले बूट आणि मोजे काढून डॉबीच्या अनवाणी पायांत घालतो. मालकाने कपडा दिला की एल्फ मुक्त होतो, हा त्या जगाचा नियम. दुसऱ्या पुस्तकात हॅरीने युक्तीने मालकाच्या हातून डॉबीला मिळवून दिला होता, तो एक मोजाच होता.