साडेएकतीस इंच

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या आणि आसपासच्या माळव्यातल्या मराठी घरांमध्ये या वेळी चहा झालेला असतो, कुकर लागायचा असतो. तेवढ्या वेळात मला तुमच्याशी बायकांच्या प्रकृतीबद्दल बोलायचंय. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, पोटाचा घेर ही सगळी एकाच घरातली भावंडं. खाल्लेल्या अन्नाचं शरीर पुढे काय करतं, त्याचा हा हिशेब. मी २८ वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, पण या हिशेबातली सगळ्यात मोठी गोष्ट मला एका शिवणयंत्राशेजारी कळली. तीच आधी सांगते.

माझी आत्या रामबागेत एका जुन्या वाड्यात राहायची. ओसरीवर खिडकीला लागून तिचं पायाचं मशीन होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज आणि परकर तीच शिवायची. सगळे तिला माई म्हणत. माईची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येकीचं एक पान. त्यावर दंड, छाती, खांदा, उंची आणि परकरासाठी कंबर, सगळं इंचांत, तारीख घालून. नवीन माप घेतलं की जुनं खोडायचं नाही, खाली लिहायचं. एकेका पानावर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची मापं.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक वहिनी होत्या. अंगानं अगदी काडी. चारचौघी म्हणायच्या, काय बाई तुमची अंगकाठी, दोन मुलं झाली तरी तशीच. वहिनींनाही त्याचं सुख होतं. एकदा गणपतीच्या आधी त्या दोन परकरांचं कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, "माई, मागचे दोन्ही घट्ट होतात. कापड आटलंय बहुतेक."

माईनं माप घेतलं, वही उघडली, चष्मा वर केला. म्हणाली, "वहिनी, कापड आटलं असतं तर उंचीलाही आटलं असतं. परकर घोट्यापर्यंत येतोय ना अजून?"

येत होता.

मग माईनं वही त्यांच्यापुढे फिरवली. सहा वर्षांची मापं. दंड सगळीकडे दहा. खांदा तोच. आणि कंबर? २८, साडेएकोणतीस, ३१, आता ३३. माई म्हणाली, "हात तेच, कंबर वेगळी. धाकट्याच्या वेळी तुमची साखर वाढली होती ना? एकदा रक्त तपासून घ्या."

वहिनींचा चेहरा उतरला. ओसरीवर आणखी दोघी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर कंबर निघाली. कापड उचललं आणि गेल्या. त्या दिवाळीला त्यांचे ब्लाउज दुसरीकडे शिवले गेले. आठ महिने त्या ओसरीवर फिरकल्या नाहीत. माईला वाईट वाटलं, पण ती एवढंच म्हणायची, "माझ्या आईचा पाय मी पाहिलाय." माझ्या आजीच्या पायाची जखम साखरेमुळे कधी भरलीच नव्हती. त्या जखमेची पट्टी माईच बदलायची.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींना लघवीच्या जागी सारखी जळजळ आणि खाज व्हायला लागली. औषधानं बरं वाटायचं, पुन्हा उलटायचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी साखर १६८. उपाशीपोटी १०० च्या आत हवी, आणि १२६ किंवा त्याच्या पुढे गेली की मधुमेह.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी ओसरीवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत परकराचं कापड. म्हणाल्या, "माई, माप घ्या." माईनं काही विचारलं नाही. टेप काढली.

औषध डॉक्टरांचं चालू झालं, ते चालूच राहिलं. माईनं त्यात कधी ढवळाढवळ केली नाही. तिनं हात घातला तो स्वयंपाकघरात आणि रात्रीच्या वेळेत. जेवणं आवरली की नऊच्या सुमाराला ती वहिनींच्या दारात उभी राहायची, चपला घालून. दोघी राजवाड्याच्या दिशेनं निघायच्या. पंधरा मिनिटं जायचं, पंधरा मिनिटं यायचं. वहिनींच्या सासूबाईंना ते पटेना. रात्रीच्या वेळी बायकांनी फिरायचं? माईनं त्यांना ओसरीवर बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "काकू, सराफ्यात रात्री बारा वाजता आपल्याच बायका खायला जातात, त्यांना कुणी विचारत नाही. आम्ही जिरवायला जातोय." पुढच्या महिन्यात सासूबाई त्यांच्याबरोबर चौकापर्यंत यायला लागल्या.

दोन वर्षांनी वहिनींच्या पानावर लिहिलेलं मी पाहिलंय. ३३, साडेबत्तीस, ३२, ३१. वजन म्हणाल तर चार किलोसुद्धा उतरलं नव्हतं. कंबर दोन इंच उतरली होती, आणि साखर एका गोळीवर आटोक्यात होती.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. पुढे मी वर्गात शिकवायला लागले की आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेच्या घेराची धोक्याची रेघ ८० सेंटीमीटर, पुरुषांसाठी ९०. ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. हे मी माईला सांगायला गेले. तिनं वही काढली आणि शेवटचं पान दाखवलं. त्यावर एकच आकडा, ३२, आणि त्याखाली लाल रेघ. तिनं तो स्वतःच ठरवला होता, वर्षानुवर्षं बायकांना वाड्याचा जिना चढताना पाहून. "बत्तीसच्या पुढे गेली की बाई दुसऱ्या वळणावर थांबते," असं तिचं म्हणणं. आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा अर्धा इंच चुकला गं."

तर साडेएकतीस इंच. पुन्हा सांगते, ८० सेंटीमीटर, साडेएकतीस इंच. मोजायचं कुठे? सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध. श्वास सोडून, पोट आत न ओढता, टेप न आवळता. परकराची नाडी आपण यापेक्षा खाली बांधतो, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. पण नाडीची गाठ दरवर्षी पुढे सरकतेय का, हे मात्र तीही सांगते.

आणि इथे मला एक बोलायचंच आहे. आता आपण सगळ्या इलॅस्टिकमध्ये गेलो. तयार परकर, लेगिंग, आणि घरात दिवसभर गाऊन. इलॅस्टिक ताणत जातं आणि काही बोलत नाही. नाडी बोलायची. गल्लीत माप घेणारी बाई होती, ती बोलायची. रामबागेत काय, लोकमान्यनगरात काय, अशा किती जणी घरी शिवण करायच्या, मुलांच्या फिया भरायच्या. कपडा तयार मिळायला लागला आणि त्या मशिनी माळ्यावर गेल्या. मला ते फार लागतं.

बरं, काडीसारख्या बाईला मधुमेह कसा? याचं उत्तर पुण्यात मिळतं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांच्या शरीराची ही ठेवण जगाला दाखवली. हातपाय बारीक, स्नायू कमी, चरबी मात्र पोटात. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजणी छापली. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच सांगत होता. म्हणून म्हणते, काट्यावर एकट्यावर विसंबू नका. पोटातली ही चरबी यकृतापाशी साठते आणि इन्सुलिनचं काम अडवते.

आता ताट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांमधलं दिवसाचं ताट असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम. तोलत बसू नका. फक्त स्वतःचं ताट आठवा. घरातली बाई शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, कोशिंबिरीत पाणी उरलेलं असतं. पोळ्या मात्र असतात, भात असतो, आणि लोणचं असतं. शेवटच्या पानावर पोळी उरते, उसळ उरत नाही. हे दर रात्री, वीस-तीस वर्षं. तिच्या साखरेचं मूळ कितीदा तरी इथे असतं. तेव्हा स्वयंपाक झाला की पहिली वाटी स्वतःच्या उसळीची काढून झाकून ठेवा. बाकीचे नंतर. आणि जेवताना भाजी-उसळ आधी, भात-पोळी नंतर, एवढ्या क्रमानंसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते.

पोहे सोडा असं इंदूरच्या माणसाला मी सांगणार नाही. वहिनींच्या घरी माईनं बदललं ते एवढंच, की मूठभर पोहे आणि वर वाडगाभर मोडाच्या मटकीची उसळ. शेव चिमटीनं, मुठीनं नाही. जिलबी महिन्यातून एकदा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, म्हणून उपासाला त्याऐवजी वरी आणि दाण्याची आमटी, तीही बेतानं.

चालण्याचं थोडक्यात. जेवल्यावर तासाभरात रक्तात साखर चढते. त्या वेळी मांड्या-पोटऱ्या हलत्या असल्या की स्नायू ती साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट न बघता. म्हणून जेवण झालं की दहा मिनिटं. सकाळचा फेरफटका चुकला तर चुकू द्या, पण जेवण झालं की दहा मिनिटं. आठवड्याचे एकूण दीडशे मिनिटं तरी व्हायला हवेत, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. भरलेली बादली उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता वीसदा उठणं चालेल. "घरकाम करतेच की" असं म्हणू नका. ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, पण स्नायूंना फारसा जोर पडत नाही. आणि चालायचं तर जागा हवी. हे शहर स्वच्छतेत २०१७ पासून देशात नाव काढतंय, घराघरातून ओला-सुका वेगळा करून त्याची सवय बायकांनीच लावली. त्याच बायकांना संध्याकाळी फुटपाथवर दुचाकींमधून वाट काढावी लागते. नगरसेवक मत मागायला आले की फुटपाथ मागा.

घरातल्या हवेचंही पाहा. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप हे सगळं सर्वांत जास्त बाईच्याच छातीत जातं, आणि हवेतल्या बारीक कणांचा संबंध मधुमेहाशी आता भारतातल्या अभ्यासांतही दिसतो. फोडणी घालण्याआधी खिडकी उघडा. गरम वरण, गरम भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात घालू नका. प्लॅस्टिकमधली काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि उष्णतेनं ती जास्त पाझरतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एकमेकींना वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतो, ते मला मुळीच आवडत नाही. सौभाग्याचं लेणं म्हणून हे देता?

ज्यांची गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी माझं पुढचं वाक्य नीट ऐका. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं साखर तपासायची, आणि मग दरवर्षी. रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबायचं नाही, दरवर्षी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीए१सी) करणार असाल तर अंगात रक्त कमी आहे का तेही डॉक्टरांना सांगा, कारण लोह कमी असलं की तो आकडा उगाच वर दिसू शकतो. आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे.

माई आता नाही. वही माझ्याकडे आहे. समोरच्या वहिनी सत्तरी ओलांडून गेल्या, राजेंद्रनगरला मुलाकडे असतात. गेल्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात त्यांनी शिंप्याची कापडी टेप ठेवली. साडेएकतीस इंचांवर लाल दोऱ्याची गाठ मारलेली. आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण आतल्या खोलीत जाऊन आली. सतरा जणी होतो. अकरा जणींची कंबर गाठीच्या पलीकडे निघाली. त्यांतल्या चौघी पुढच्या सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला गेल्या, एकत्र, पायी. त्या चौघींत मीही होते.