मुख्य सर्व्हर कोण, हे ठरवायचं कुणी?

[पडद्यावर: 21 ऑक्टोबर 2018, 22:52 यूटीसी]

भारतात तेव्हा 22 तारखेची पहाट होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचं नेहमीचं देखभालीचं काम चालू होतं. बिघडू लागलेलं 100 गिगाबिटचं एक ऑप्टिकल उपकरण बदलायचं होतं. त्यात नेटवर्क हब आणि मुख्य डेटा सेंटर यांचा संपर्क तुटला. 43 सेकंदांनी तो परत जुळला. सेवा पूर्ववत व्हायला मात्र 24 तास 11 मिनिटं लागली.

गंमत म्हणजे हाय अव्हेलेबिलिटीची, म्हणजे एक सर्व्हर गेला तरी सेवा चालू ठेवणारी, यंत्रणा बिघडलीच नव्हती. मुख्य डेटा सेंटर दिसेनासं झालं, तेव्हा मुख्य सर्व्हर निवडणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या प्रणालीच्या उरलेल्या नोड्सनी (सर्व्हरांनी) मतदान केलं, बहुमत जमवलं आणि मायएसक्यूएल डेटाबेसची सूत्रं पश्चिम किनाऱ्यावर दिली. तिला सांगून ठेवलं होतं तसंच! पण पूर्वेकडे काही नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. आणि तोवर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. सर्वाधिक वर्दळीच्या क्लस्टरपैकी (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटांपैकी) एकावर अशा अडकलेल्या नोंदी होत्या 954. सेवा रखडली तरी चालेल, डेटा जपायचा, असं गिटहबने ठरवलं. माझ्या मते बरोबरच ठरवलं.

[दृश्य: तीन रिकामे सर्व्हर, अजून रॅकबाहेर]

आता आपलं काम. पोस्टग्रेस या डेटाबेसचं तीन नोड्सचं क्लस्टर, त्यावर गरजेला मुख्य सर्व्हर बदलणारा पॅट्रोनी आणि मुख्य कोण ही नोंद बहुमताने जपणारा एटसीडी. इन्स्टॉलेशन एका दुपारचं. तयारीला त्याच्या कितीतरी पट वेळ द्यावा.

तीनच सर्व्हर का? दोनच असले आणि मधला दुवा तुटला, तर प्रत्येकाला वाटतं की समोरचा गेला. दोघंही मुख्य व्हायला बघतात, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तिघांत दोघांचं बहुमत होतं. चार घेतले तर बहुमताला तीन लागतात, म्हणजे बंद पडलेला चालणार तरीही एकच. चौथ्याचे पैसे या हिशेबात फुकट. आणि तिघंही एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर असतील, तर तो स्विच गेला की तिघंही गेले.

[क्लोजअप: डिस्क, लुकलुकणारा दिवा]

इथे जरा थांबू. कारण बऱ्याच ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. एटसीडी प्रत्येक नोंद आधी डिस्कवर पक्की लिहितो, मगच होकार देतो. त्याचा म्होरक्या दर 100 मिलिसेकंदांनी बाकीच्यांना खूण पाठवतो. सुमारे 1000 मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर नवी निवडणूक. आता त्याच डिस्कवर डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप सुरू झाला तर? लिहिणं रखडतं, खुणा उशिरा पोहोचतात, आणि ठणठणीत सर्व्हरला मेलेला समजलं जातं. म्हणून एटसीडीला वेगळी, वेगवान डिस्क द्या. शंभरातली नव्व्याण्णव लेखनं 10 मिलिसेकंदांच्या आत पक्की होतात का, हे आधी मोजून घ्या.

तिन्ही सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती एकच हवी. हा हट्ट वाटेल, पण कारण आहे. लिनक्सच्या जीलिबसी 2.28 मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत, त्याचा इंडेक्स (शोधसूची) जसाच्या तसा उचलते. नियम वेगळे असले, तर टेबलात असलेलं नाव शोधूनही सापडत नाही, आणि एररही येत नाही.

सर्व्हरची घड्याळं क्रोनी या प्रोग्रॅमने जुळवा. फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचा 5432, एटसीडीचे 2379 आणि 2380, आणि पॅट्रोनीचा 8008 हे पोर्ट उघडा, तेही या सर्व्हरपुरतेच. ॲप्लिकेशनला सर्व्हरचा थेट पत्ता न देता मध्ये एचएप्रॉक्सी ठेवा, तो जोडणी त्या वेळच्या मुख्य सर्व्हरकडे वळवतो. मशीन गोठलं तर ते आपोआप रीस्टार्ट व्हावं म्हणून वॉचडॉग चालू करा.

[दृश्य: बैठकीची खोली, फळ्यावर आकडे]

पुढचे दोन प्रश्न डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) एकट्याने सोडवू नयेत. सेवा किती वेळ बंद चालेल? 99.99 टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम 52 मिनिटं. पॅट्रोनीत मुख्य सर्व्हर दर 10 सेकंदांनी आपली चावी, म्हणजे मुख्य असल्याची एटसीडीतली नोंद, नव्याने घेतो. 30 सेकंदांत घेतली नाही, तर ती दुसऱ्याला मिळते. ही झाली मूळ सेटिंग्ज. दुसरा प्रश्न, किती डेटा गेलेला चालेल? मूळ सेटिंगमध्ये सुमारे 1 एमबी मागे असलेली रेप्लिकासुद्धा मुख्य होऊ शकते. रेप्लिकेशन सिंक्रोनस केलं, तर प्रत्येक कमिट (नोंद पक्की करणं) दुसऱ्या सर्व्हरच्या होकारासाठी थांबतो. कोणता तोटा पत्करायचा, ते धंदा चालवणाऱ्यांनी सही करून सांगावं. आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट झालेलं टेबल रेप्लिकावरूनही तितक्याच तत्परतेने जातं.

मग रंगीत तालीम. प्रोसेस बंद करून पाहणं सगळेच करतात. नेटवर्क एकाच बाजूने अडवा. डिस्क भरू द्या. मशीन गोठवा.

जुना मुख्य सर्व्हर परत येतो, तेव्हा त्याला रेप्लिका करायला पीजी-रिवाइंड हे साधन लागतं, ते त्याचा डेटा नव्या मुख्य सर्व्हरशी जुळवतं. त्यासाठी पोस्टग्रेसमधली चेकसम किंवा वॉल-लॉग-हिंट्स ही सेटिंग आधीपासून चालू असावी लागते. रिवाइंड झालं की न पोहोचलेल्या नोंदी त्या सर्व्हरवरून पुसल्या जातात. पॅट्रोनी हे आपोआप करू शकतो. तशी मुभा देण्याआधी त्या नोंदी कुणी आणि कुठे काढून ठेवायच्या, हे लेखी ठरवून ठेवा.