कात्री कुठे चालते

(दृश्य: यंत्रमाग, जेकार्डचा खडखडाट)

सोलापुरी चादर मागावरून सुटी उतरत नाही. एकीला लागून दुसरी, अशी सलग विणली जाते. मग कात्री येते.

(दृश्य: कात्री धरलेला हात, जवळून)

नेमक्या किनारीवर चालते. इंचभर चुकली, की माल 'सेकंड'मध्ये, म्हणजे कमी प्रतीत.

करोना विषाणूकडेही अशी कात्री आहे. पेशीत शिरल्यावर तो कामाची प्रथिनं सुटी बनवून घेत नाही. ७,००० हून जास्त अमिनो आम्लांची एकच लांब माळ तयार होते. ती कापतं मुख्य प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर, ११ ठिकाणी. हीच त्याची कात्री. गंमत म्हणजे ही कात्रीही त्याच माळेत विणलेली असते. आधी स्वतःलाच सोडवून घेते. प्रत्येक जागी खूण एकच शोधते, ग्लुटामिन हे अमिनो आम्ल. आपली प्रोटिएजं सहसा तिथं कापत नाहीत, म्हणून औषधासाठी हिलाच हेरलं.

(दृश्य: सोलापुरातलं कॉलेज, संगणकाचा पडदा)

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी तीच कात्री पडद्यावर फिरवून बघते आहे. फाइल ६एलयू७, म्हणजे कात्रीच्या त्रिमितीय रचनेची फाइल. शांघायच्या शास्त्रज्ञांनी उलगडलेली ही रचना ५ फेब्रुवारी २०२० पासून जगाला खुली आहे. सोलापुरात बसून, एक पैसा न भरता.

(दृश्य: फळा)

कात्रीतल्या अमिनो आम्लांच्या जागांचे दोनच आकडे सरांनी लिहिलेत: १४५ आणि ४१. पातं इथं आहे. १४५ व्या जागेच्या सिस्टीनमधल्या गंधकाला औषधाचा रेणू जाऊन चिकटतो. कात्री मिटतच नाही.

याची सुरुवात २०२० ची नव्हे. २००३ च्या सार्स साथीत, तीही एका करोना विषाणूचीच, फायझर या औषध कंपनीनं असा रेणू शोधला होता. साथ ओसरली, काम कपाटात गेलं. सतरा वर्षं! पुन्हा बाहेर काढला, तर तो शिरेतून द्यावा लागणारा. हवी होती गोळी. जुलै २०२० मध्ये गोळीतून देता येणारं निर्माट्रेल्विर पहिल्यांदा तयार झालं. यकृत ते भराभर मोडतं, म्हणून जोडीला एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर, यकृताचा हात धरून ठेवायला.

अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली २२ डिसेंबर २०२१ ला. आपल्याकडे दुसरी लाट येऊन गेली होती.

(दृश्य: बंद माग, अर्धवट चादर. निवेदन नाही.)

(दृश्य: पुन्हा संगणक)

आता तिनं नवी फाइल उघडली आहे. औषधाला दाद न देणारी, बदललेली कात्री. बदल झालेली १६६ वी जागा तिनं लाल केली आहे.