सल्ला मोफत, पण जागेचं भाडं?

नमस्कार मंडळी. आज जरा पैशाचं बोलते, विषय कंटाळवाणा आहे पण ऐका. आपल्या गावात मोफत सल्ला केंद्र आहे, रेशनकार्ड, पेन्शन, वीजबिल, बिल्डरने अडकवलेला फ्लॅट, कशासाठीही लोक येतात, ते चालवणं आता खरंच जड जायला लागलंय.

लोकांना वाटतं सल्ल्याला काय लागतं, तोंडानेच तर बोलायचं. आता बघा, संजय गांधी निराधार योजनेची सरकारी मदत घेणारी एखादी मावशी येते, महिन्याचे 1500 बंद झालेत आणि का ते कुणी धड सांगत नाही. मग पिशवीतनं पासबुक, आधार, तहसीलची जुनी चिठ्ठी एकेक काढायचं, पैसे आधारला जोडलेल्या भलत्याच खात्यात जातायत का बघायचं, हयातीचा दाखला राहिलाय का, उत्पन्नाचा दाखला 21 हजारांच्या आतला आहे का, मग अर्ज लिहायचा, झेरॉक्स काढायची आणि मावशींना दहादा बजावायचं की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तासभर सहज जातो. ह्या तासाचा ना फोटो निघतो ना उद्घाटन होतं, आणि देणगी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं! कम्प्युटर देतो म्हणतात. द्या की, पण त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलीचा पगार?

पूर्वी मार्च आला की नोकरदार मंडळी 80जी ची, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी पावती मागत यायची, पाचशे, हजार, जमेल तसं द्यायची. आता बहुतेकजण नव्या टॅक्स पद्धतीत गेलेत, तिथे 80जी ची सूटच मिळत नाही, त्यात 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर पावती हवी कुणाला. लोकांचा टॅक्स वाचला ते चांगलंच झालं, पण आमचा मार्च कोरडा गेला ना. दुसरं म्हणजे 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, मोठ्या संस्थांना परदेशी मदत छोट्या संस्थांकडे वळती करता येईना, तोही रस्ता बंद.

कुणी म्हणतं, ग्राहकांसाठी सरकारची 1915 हेल्पलाइन आहे, कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, मग तुम्ही कशाला? अहो, आम्हीच तर लोकांना तिकडे पाठवतो. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही, पण हे तिला आधी कुणीतरी सांगायला नको का?

पन्नास रुपये फी ठेवा असंही सुचवतात. मला नाही पटत. जिचे 1500 अडकलेत ती पन्नास बघून दारातनंच परत जाईल आणि एजंटला पाचशे देऊन बसेल, हे रोजचं आहे.

तर मागणं एवढंच की वर्षाचं एकदम नको, महिन्याला शंभर द्या पण दर महिन्याला द्या, भाडं दर महिन्याला द्यावं लागतं म्हणून. रोख देणार असाल तरी पावती घ्याच. आणि देण्याआधी हिशोब मागा, ऑडिट झालेला असतो, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जातो, केंद्रात फाइल आहे, येऊन बघा.