ओल्या वाळूतली ब्राह्मी ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी! माझ्या हातातली ही दोन पानं बघा. एक गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठाचं. दुसरं नखाएवढं, जाडसर, देठच नाही. दोन्हींना लोक ब्राह्मी म्हणतात! गोल पानाची ती मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. आज ओळखायची आहे ती दुसरी, नीरब्राह्मी. शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. हिचं कुळ इसबगोलाचं, म्हणजे दोघींचं जवळचं नातं नाही.

नदी, तळं, खाडी, जिथे काठची वाळू सतत ओली राहते, तिथे खाली वाकून बघा. थोडं मचूळ पाणीही हिला चालतं. खोड जमिनीला धरून सरपटतं आणि पेरापेराला मुळं फुटतात. पानं समोरासमोर, टोकाकडे रुंद, बुडाशी निमुळती, रसदार.

आता फूल. कॅमेरा जरा जवळ आणते. पांढरं, त्यात जांभळट छटा, जेमतेम 1 सेंटिमीटरचं. पानाच्या बगलेतून बारीक दांडी निघते आणि तिच्यावर एकच फूल. पाकळ्या 5, जवळजवळ सारख्या. आत पुंकेसर मात्र 4. आता हे हलकेच उलटं करते. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती खूण इथे आहे. पाकळ्यांखालची हिरवी पानं, म्हणजे निदलं, 5 आहेत, पण एका मापाची नाहीत. बाहेरचं रुंद, आतली अगदी अरुंद. ती बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

याच ओलीत जलपिंपळीही पसरते आणि फसवते. तिच्या पानांना टोकाकडे दाते असतात, आणि लांब दांडीवर इवल्या फुलांचा गुच्छ येतो. घोळीचं पान असंच मांसल असतं, पण फूल पिवळं.

एक कळकळीची विनंती. 'ब्राह्मी कडू असते, चाखून बघा' असं कोणी सांगितलं तरी काठावरचं पान तोंडात घालू नका. ही वनस्पती पाण्यातले कॅडमियमसारखे जड धातू स्वतःत साठवते. पाणी नितळ दिसलं तरी.

उपटायचीही गरज नाही. 3 फोटो घ्या: सरपटणारं खोड, समोरून फूल आणि मागून फूल. हा मागचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि नेमका तोच लागतो.