टायगर आळशी झालेला नाही

नमस्कार श्रोतेहो. मी पशुवैद्य आहे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिकमध्ये माझ्याकडे कुत्र्यांबद्दल एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, आमचा टायगर हल्ली आळशी झालाय. वय झालं, दुसरं काय!" तपासून बघावं तर यातल्या बऱ्याच टायगरांचे सांधे दुखत असतात. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजलेली, सांध्याला सूज, आणि थंडीत सगळं आणखी आखडलेलं. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा मुळातच सैल असण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे त्यांना हा त्रास लवकरही होतो.

कुत्रं यासाठी सहसा केकाटत नाही. दुखणं आपल्यालाच ओळखावं लागतं. सकाळी तो उठतो कसा, ते बघा. पुढचे पाय आधी रोवतो, मागचा भाग ओढून वर घेतो, पहिली चार पावलं काठीसारखी टाकतो आणि मग जरा मोकळा होतो. गाडीत उडी मारण्याआधी थांबून तुमच्याकडे बघतो. एकच सांधा सतत चाटत बसतो. नातवंडाने पाठीवर हात ठेवला की गुरगुरतो, जे पूर्वी कधी केलं नाही. यातलं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं लंगडणं विसरतं; तुमचा व्हिडिओ आम्हाला फार उपयोगी पडतो.

उपचारात मी सगळ्यात आधी वजनाकडे बघतो. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर झालेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं, तेही आयुष्यभर. कमी खाणारे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. कोणत्याही गोळीने मला एवढं दिलेलं नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला त्या लागल्या पाहिजेत. नाही लागल्या, तर चहाबरोबरची बिस्किटं आणि जेवताना ताटाखाली सरकवलेली तूप लावलेली पोळी आजपासून बंद. आजी-आजोबांना हे सांगणं अवघड असतं, मला माहीत आहे. त्यांच्या हाती काकडीचे, गाजराचे तुकडे द्या. मात्र आपल्या नाशिकच्या दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि कांद्याने, शिजवलेल्यासुद्धा, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

फिरणं बंद करू नका. स्नायू गेले की सांध्यावरचा भार वाढतो. पण आठवडाभर घरात आणि रविवारी एकदम पांडवलेणीच्या पायऱ्या, हे नको. रोज दोन-तीनदा थोडं थोडं, मातीच्या रस्त्यावर, त्याच्या चालीने.

घरातल्या गुळगुळीत फरशीचाही विचार करा. मागचे पाय फाकून घसरणारं कुत्रं पुढच्या वेळी उठायलाच घाबरतं. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा योगा मॅट टाका, नखं कापलेली ठेवा. झोपायला जाड गोधडी, वाऱ्यापासून दूर. लिफ्ट नसेल तर पोटाखालून टॉवेल घेऊन दोन्ही टोकं वर धरा, जिने चढताना त्याचं वजन तुमच्या हातात येतं.

आता कळकळीची विनंती. घरातल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. पोटात अल्सर होतो, किडनी जाते. गुडघ्याला चोळायचं मलमही नको, तो ते चाटणारच. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत. लिव्हर आणि किडनीची रक्ततपासणी करून, वजनाप्रमाणे डोस ठरवून ती दिली तर टायगर पुन्हा दारापर्यंत शेपटी हलवत येताना मी पाहिलाय. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चाही हळूहळू उपयोग होतो. प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या.

दुखण्यावरची ही गोळी चालू असताना उलट्या झाल्या, खाणं सुटलं किंवा शी डांबरासारखी काळी दिसली, तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि मागचे पाय अचानक ओढायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.