मॅग्नेटला नंबर लागला का?

(अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आपल्या मराठी मंडळाच्या वसंत मेळाव्यात पालकांसमोर केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आटोपशीर करून.)

नमस्कार मंडळी.

हिवाळा सरत आला की आपल्या माँटगोमेरी काउंटीतल्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरायला लागतो. हळदीकुंकवाला, लायब्ररीत, क्रिकेटच्या मैदानावर, सगळीकडे तोच. "काय मग, मॅग्नेटला नंबर लागला का?" पाचवीतल्या पोराची आई हसून "अजून कळलं नाही" म्हणते आणि घरी जाऊन परत ईमेल बघते. मी इथल्या एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. कार्यकारिणीने मला "मॅग्नेटविषयी माहिती द्या" असं सांगितलंय. माहिती देतेच, पण माझी एक मागणीही आहे. ती शेवटी.

आधी नव्याने आलेल्यांसाठी. आपल्याकडे मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी. घराच्या पत्त्यावरून जी शाळा मिळते ती तुमची होम स्कूल. तिच्याऐवजी काही मुलांना ठरावीक शाळांमधल्या खास वर्गांत जागा मिळते, त्यांनाच मॅग्नेट म्हणतात. गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटरसाठी टकोमा पार्क मिडल स्कूल. भाषा, इतिहास, लेखन आणि माध्यमांसाठी सिल्व्हर स्प्रिंगची ईस्टर्न. उत्तरेकडे राहणाऱ्यांसाठी जर्मनटाउनमधल्या रॉबर्टो क्लेमेंते आणि मार्टिन लूथर किंग ज्युनियर या शाळा. काउंटीत दीड लाखाहून जास्त विद्यार्थी आहेत आणि यांतल्या एकेका शाळेच्या खास वर्गांत एका इयत्तेला साधारण शंभर-सव्वाशे मुलं मावतात. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता हे वर्ग मुळात का निघाले, ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. आपण धरून चालतो की हुशार मुलांना आणखी हुशार करायला निघाले असणार. तसं नाही. 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. त्या निकालाआधी तीनच वर्षं, 1951 मध्ये, आपल्या रॉकव्हिलला कार्व्हर हायस्कूल उघडलं होतं, फक्त काळ्या मुलांसाठी. काउंटीभरातून मुलं तिथे यायची, कारण दुसऱ्या हायस्कूलची दारं त्यांना बंद होती. शाळा एकत्र झाल्यावर ते बंद झालं आणि पुढे कितीतरी वर्षं काउंटीच्या शिक्षण खात्याचं मुख्यालय त्याच इमारतीत होतं. आपल्यातले बरेच जण तिथे कागदपत्रं घेऊन गेले असतील. भिंतींचा इतिहास कोण विचारतो म्हणा.

निकाल लागला तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि वस्त्यांबरोबर शाळाही. बॉस्टनसारख्या शहरांत 1974 मध्ये कोर्टाच्या आदेशाने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत पाठवायला लागले तेव्हा दंगे झाले. मग एक वेगळी वाट जास्त पटायला लागली: सक्ती करायची नाही, पण एखाद्या वस्तीतल्या शाळेत असं काही चांगलं ठेवायचं की दुसऱ्या वस्तीतले पालक आपण होऊन तिथे पोरं पाठवतील. 1968 साली टकोमा शहरात (हे वॉशिंग्टन राज्यातलं, आपलं टकोमा पार्क नव्हे) मॅकार्व्हर शाळेत हा प्रयोग आधीच झाला होता. देशातली पहिली मॅग्नेट शाळा म्हणून तिचं नाव घेतात. आपल्याकडे 1985 मध्ये माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलमध्ये मॅग्नेट सुरू झालं तेही याच हिशोबाने. गोरी कुटुंबं त्या भागातल्या शाळा सोडत होती, त्यांना परत ओढायचं होतं.

म्हणजे बघा, ज्या वर्गात जागा मिळावी म्हणून आपण जीव टाकतो तो वर्ग आपल्यासाठी काढलेलाच नव्हता. आपल्या पिढीतले बरेच जण तो निघाल्यावर इथे आले. आलो, मुलं अभ्यासात पुढे होती, जागा मिळत गेल्या, आणि आपण ती आपल्या वहिवाटीची वाट समजायला लागलो.

मग नियम बदलले आणि आरडाओरडा झाला. पूर्वी पालकांनी अर्ज करायचा, मुलाने परीक्षा द्यायची. ज्यांना अर्जाची तारीख माहीत त्यांचीच मुलं परीक्षेला. 2018 च्या सुमारास काउंटीने ठरवलं की अर्जाची वाट न बघता पाचवीतल्या सगळ्या मुलांचे गुण तपासायचे. शिवाय ज्या मुलाला त्याच्याच होम स्कूलमध्ये बरोबरीची पुरेशी मुलं आहेत, त्याच्यापेक्षा जिथे एकटंच हुशार पोर बसलंय त्याला आधी जागा. पुढे कोविडमध्ये पूर्वीसारखी परीक्षा घेता येईना, तेव्हा पात्र मुलांची यादी करून त्यातून सोडत काढायला लागले. आशियाई पालकांच्या एका संघटनेने 2020 मध्ये संघीय न्यायालयात दावा लावला, 2022 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. या मेळाव्यातही दोन तट आहेत याची मला कल्पना आहे. जेवणाच्या टेबलावर ते भांडण अवश्य करा.

पात्रता कशी ठरते ते मात्र नीट ऐका, कारण त्याबद्दल फार अफवा आहेत. विषयातली श्रेणी बघतात, वाचनाची पातळी बघतात आणि शाळेतच संगणकावर होणाऱ्या मॅप (MAP) चाचणीचे गुण बघतात. हे गुण देशाच्या सरासरीशी ताडत नाहीत, काउंटीतल्या साधारण सारख्या आर्थिक परिस्थितीच्या शाळांशी ताडतात. पोटोमॅकसारख्या श्रीमंत वस्तीतलं मूल तशाच शाळांतल्या मुलांशी, आणि ज्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलांना जेवणाची सवलत आहे तिथलं मूल तशाच शाळांतल्या मुलांशी. त्यामुळे "आमच्या चिन्मयचे गुण तिच्यापेक्षा जास्त असून तिला कसं घेतलं" हा प्रश्नच चुकीच्या रकान्यात पडतो. (चिन्मय काल्पनिक आहे, इथल्या सगळ्या चिन्मयांनी माफ करावं.) तपशील दर वर्षी थोडे हलतात, म्हणून काउंटीचं पत्रक वाचत जा, व्हॉट्सअॅप नको.

आणि मॅपच्या क्लासला पैसे घालू नका. संगणकावरची ही चाचणी उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड देते, चुकलं की सोपा. ती बेतलेलीच अशी आहे की अगदी तल्लख मुलाचेही सुमारे निम्मे प्रश्न चुकतात. मूल घरी येऊन "आई, खूप चुकलं" म्हणतं, आई हादरते, आणि शनिवारची फी सुरू होते. मी शिक्षिका म्हणून सांगते, अपूर्णांक पक्के असलेलं आणि रोज पुस्तक वाचणारं पोर या चाचणीत मागे पडत नाही.

आपल्याला निवड परीक्षा नव्या नाहीत. स्कॉलरशिपला बसलेले इथे निम्मे तरी असतील. नवोदयला सहावीत गेलेलं कुणी आहे का? देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. तिथे तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना. तेव्हा कुणी "शहरातल्या हुशार पोरावर अन्याय" म्हणून कोर्टात गेल्याचं मला आठवत नाही. आणि पुण्याची ज्ञान प्रबोधिनी. आप्पा पेंडशांनी ती 1962 मध्ये काढली, प्रशाला 1969 ची. पाचवीला बुद्धिमापन चाचण्या देऊन प्रवेश. पण आप्पांना नुसती पहिल्या नंबराची मुलं नको होती, समाजात पुढे होऊन काम उचलणारी माणसं हवी होती. म्हणून पोरांना खेड्यांत न्यायचं, बरच्या-ढोलाच्या पथकात उभं करायचं, शिबिराचा हिशोब त्यांच्याच हातात द्यायचा. बुद्धी ही समाजाची ठेव, असा एकंदर विचार.

आणि नेमका इथेच आपला पाय अडकतो.

इथल्या मॅग्नेट वर्गांतही अभ्यासाला जोडून दुसरी बाजू असते. गटात प्रकल्प करायचा, वर्गासमोर मांडायचा, कुणी प्रतिवाद केला तर उत्तर द्यायचं. आपली मुलं गणित सोडवतात, स्लाइड सुरेख करतात, आणि मांडायची वेळ आली की दुसऱ्याकडे बघतात. सगळी नाहीत, पण बरीच. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभं राहा म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "आई म्हणते अभ्यासावर परिणाम होईल." माझ्या समोर, सातवीतल्या मुलीने, अगदी गंभीरपणे सांगितलेलं आहे हे.

आता या गोष्टीला ना परीक्षा लागते ना सोडत. काउंटीच्या शिक्षण मंडळावर 1978 पासून एक विद्यार्थी सदस्य असतो. त्याला सहावीपासूनची सगळी मुलं मत देतात, दर वसंत ऋतूत, शाळेतच. तो अकरावी-बारावीचा पोर मोठ्यांच्या शेजारी बसून अर्थसंकल्पावर मत देतो, कुठली वस्ती कुठल्या शाळेला जोडायची त्यावरही देतो. तुमच्या सहावीतल्या मुलाला मत आहे. त्याने ते कुणाला दिलं, का दिलं, हे तुम्ही विचारलंत का? गणिताच्या चाचणीत किती पडले हे नक्की विचारलं असेल.

सेवेच्या तासांचंही तेच. मेरीलँडमध्ये हायस्कूलची पदवी हवी तर 75 तास समाजसेवा करावीच लागते. हे सक्तीचं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. आपल्याकडे पाचवीनंतरच्या सुट्टीपासून तास धरतात. फॉर्म क्रमांक 560-51, तो आता मला पाठ झालाय. त्यात मुलाने लिहायचं असतं की काम केलं त्यातून काय समजलं. गेल्या गणेशोत्सवानंतर माझ्याकडे असे काही फॉर्म दाखवायला आले. मजकूर झकास, वळणदार इंग्रजी, "समाजाप्रती कृतज्ञता" वगैरे. अक्षर बाबांचं. शिवाय आरतीची तयारी आणि प्रसाद वाटणं या तासांत बसत नाही, धार्मिक काम चालत नाही. पण त्याच उत्सवात आपण मन्ना फूड सेंटर या अन्नपेढीसाठी खाण्याचे डबे गोळा केले, ते बसतं. खोकी कुणी मोजली, गाडीत कुणी भरली, यादी कुणी केली? आपण, मोठ्यांनी. पोरं मागच्या खोलीत फोनवर होती, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यासाठी एवढंच: होम स्कूलमध्येही गणित आणि इतिहासाचे वरच्या पातळीचे वर्ग आहेत, मुलाला त्यात घातलंय का ते समुपदेशकाला विचारा. आणि ज्यांचा लागला त्यांनी पहाटेची बस एकदा डोळ्यांखालून घाला. मॅग्नेटची बस दारात येत नाही, मधल्या एखाद्या शाळेपाशी थांबते. जानेवारीत काळोखात गाडीत हीटर लावून बसलेले आईबाप, मागच्या सीटवर कोट न काढता झोपलेलं पोर, मांडीवर अर्धा खाल्लेला पोळीचा रोल. तीन वर्षं हे करायचंय. मुलाला ते हवंय का, हा प्रश्न त्यालाच विचारा, आणि त्याने नाही म्हटलं तर ते उत्तर ऐकून घ्या. नाही म्हणणारी, आणि होम स्कूलमध्ये आनंदात असलेली, उत्तम मुलं माझ्या वर्गात आहेत.

आता माझी मागणी. मंडळाच्या घटनेत मतदानाचा हक्क प्रौढ सभासदांनाच आहे. युवा समिती आहे, पण तिचं काम फॅन्सी ड्रेसच्या रांगा लावणं आणि माइक आणून देणं. काउंटीचं शिक्षण मंडळ विद्यार्थ्याच्या हातात मत देतं आणि आपण दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही मुलांना विचारून ठरवत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: कार्यकारिणीवर सहावी ते बारावीतले दोन सदस्य, मुलांनीच निवडलेले, मतासह. आणि गणेशोत्सवाच्या खर्चातली अन्नसंकलनाची रक्कम युवा समितीकडे, हिशोबही त्यांनीच द्यायचा. अध्यक्षांनी "मुलं हिशोब ठेवतील का" असं मला आधीच विचारलंय. आपल्या मोठ्यांच्या हिशोबाला गेल्या सभेत किती वेळ लागला ते इतिवृत्तात आहे, त्यावर मी बोलत नाही.

ठरावाला अनुमोदक हवेत. कागद नोंदणीच्या टेबलावर आहे, सही करा. मुलांना बरोबर घेऊन या, त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय.